आतडं सैल करणारा वायू. बाळाची पहिली काळी शी ४८ तासांत झाली नाही तर घुटी नको, डॉक्टर गाठा

पोटात गॅस झाला की ओवा, सोडा, नाहीतर मेडिकलमधली गोळी, एवढंच आपल्याला ठाऊक. पण आतडं स्वतःच्या कामासाठीही एक वायू तयार करतं. त्याचं नाव नायट्रिक ऑक्साइड. ढेकरेशी त्याचा संबंध नाही. तो इतका किंचित असतो आणि काही सेकंदांतच संपतो, की पोट फुगवणं त्याच्या हातात नाही.

आतड्यात अन्न असतं त्याच्या मागचा स्नायू आवळतो आणि पुढचा सैल पडतो, तेव्हाच ते पुढे सरकतं. सैल पडायचा निरोप मोठ्या प्रमाणात हा वायू देतो. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी तो बनवतात. वायूच असल्यानं तो पेशीच्या पडद्यातून सरळ शेजारच्या स्नायूत शिरतो, तिथलं मोकळं कॅल्शियम कमी होतं अन् स्नायू ढिला पडतो. रक्तवाहिन्याही असाच निरोप घेतात. त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं.

हायड्रोजन सल्फाइडही शरीर थोडंसं बनवतं आणि तोही आतडं सैल करायला हातभार लावतो. शौचालयाच्या टाकीत माणसं मारणारा वायू तो हाच. फरक प्रमाणाचा, तेव्हा हे वाचून कुणी टाकीत उतरायची हिंमत करू नये.

निरोप देणाऱ्या मज्जापेशीच नसतील तर? हिर्शस्प्रंग नावाच्या जन्मजात आजारात तेच होतं. साधारण ५००० बाळांमागे एकाला हा असतो, मुलींपेक्षा मुलांत जास्त. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी पोचलेल्याच नसतात. तेवढा भाग कायम आवळलेला राहतो. पाटाचं दार बंद असलं की वरचा पाट फुगतो, तसं मागे सगळं तुंबतं.

पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिली काळी, चिकट शी २४ तासांत होते. नाही झाली की आपल्याकडे घुटी, एरंडेल, नाहीतर विड्याच्या पानाचा देठ. देठानं कधी शी होतेही, आणि तिथंच घात होतो. घरच्यांना वाटतं, सुटलं एकदाचं. पण नसलेल्या पेशी एरंडेलानं येत नाहीत. उशीर झाला तर तुंबलेल्या आतड्यात जंतुसंसर्ग होऊन बाळाच्या जिवावर बेततं.

आतड्याचा बारीक तुकडा तपासून निदान पक्कं होतं. मग ऑपरेशन करून पेशी नसलेला भाग काढतात आणि चांगलं आतडं खाली जोडतात. पुढे काहींना बद्धकोष्ठाचा त्रास राहतो, पण बहुतेक मुलं नीट वाढतात.

बाळंतीण घरी आणताना पहिली शी किती वाजता झाली ते दवाखान्यात विचारून घ्या, आशाताईलाही सांगा. पोट फुगून टणक झालं किंवा हिरवी उलटी झाली तर ४८ तासांचीही वाट बघू नका, लगेच १०८ ला फोन लावा.