गड्डीतली चांदणीची नोट

सिपना नदीकाठच्या सेमाडोहचा माणूस बँकेच्या कामाला धारणीला किंवा परतवाड्याला गेला, की घरी येऊन पैसे पुन्हा एकदा मोजतोच. मग ते कपाशीचे असोत, मजुरीचे असोत, नाही तर तेंदूपानांचे. मोजताना त्याची नजर रकमेवर असते, नोटेवर नसते. ती जरा नोटेवरही जाऊ दिली, तर घरातल्या पोरांना एक बिनखर्चाचा छंद लागतो.

बिनखर्चाचा म्हणायचे कारण असे. दहाच्या शंभर नोटांची गड्डी म्हणजे हजार रुपये. त्यातली एक वेगळी नोट ठेवून घेतली, तरी नऊशे नव्वद तेलामिठाला मोकळे. उद्या छंद सुटला तर ठेवलेले दहाही बाजारात चालतात. कोंबड्या पाळण्यातसुद्धा एवढी हमी नाही!

आता शोधायचे काय? आधी क्रमांक पाहावा. कोऱ्या गड्डीत नोटा ओळीने क्रमांकाच्या असतात. छापताना एखादी खराब निघाली, की तिच्या जागी दुसरी घालावी लागते. २००६ सालापासून रिझर्व्ह बँकेने दहा, वीस आणि पन्नासच्या अशा बदली नोटांवर चांदणी छापायला सुरुवात केली. २०१६ मध्ये ती पाचशेच्या नोटेवरही आली. सुरुवातीची अक्षरे आणि पुढचा आकडा यांच्या मधोमध ती असते. काही लोक अशी नोट खोटी समजून परत करतात. ती अगदी खरी असते आणि संग्राहक तीच शोधत असतात.

क्रमांकाचे सहा आकडे सारखे असले, उलटसुलट वाचून तेच आले, तरी नोट ठेवण्याजोगी. पोरांना आपल्या जन्मतारखेची नोट शोधायला सांगा. १५०८४७ हा आकडा दिसला तर कोणती तारीख, ते त्यांनाच ओळखू द्या. २००५ पासून नोटेच्या मागे छपाईचे वर्षही असते. सही पाहावी ती वेगळीच. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची सही शोधू नका. ती नोट भारत सरकारची, तिच्यावर अर्थखात्याच्या सचिवाची सही असते.

चित्रांत तर आपलाच मुलूख सापडतो. २०१९ च्या वीसच्या नोटेवर वेरूळची लेणी आहेत. १९९६ पासूनच्या दहाच्या नोटेमागे गेंडा आणि हत्तीसोबत वाघ आहे. मेळघाटच्या पोरांना तो दाखवावा लागणार नाही. गांधी जन्मशताब्दीच्या, १९६९ च्या नोटांवर बसलेले गांधीजी आणि मागे सेवाग्रामचा आश्रम आहे. त्या आता गड्डीत मिळायच्या नाहीत, पण आजीच्या पेटीत मिळतील. त्यांतल्या काहींवर बी. एन. आडारकरांची सही आहे. ते १९७० साली अवघे ४२ दिवस गव्हर्नर होते, म्हणून त्या सहीला मान.

आता सावध राहण्याचे. ‘ट्रॅक्टरवाली पाचाची नोट द्या, लाखो रुपये घ्या’, ‘७८६ ची नोट असेल तर फोन करा’, अशा जाहिराती मोबाइलवर येतात. फोन केला की समोरचा नोट पाहत नाही. आधी नोंदणीचे, मग कराचे पैसे मागतो, आणि त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नाव सांगतो. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी लोकांना बजावले आहे, की आपण असा व्यवहार करीत नाही, त्यावर दलाली घेत नाही आणि तसा अधिकारही कोणाला दिलेला नाही. शिवाय ट्रॅक्टरची नोट वर्षानुवर्षे छापली गेली. घरोघरी असलेल्या वस्तूला लाखाचा भाव कोण देईल? विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागणारा गिऱ्हाईक नव्हे. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

एक कायदाही ठाऊक असावा. २०१६ मध्ये बंद झालेल्या पाचशे-हजारच्या जुन्या नोटा सगळ्या मिळून दहापेक्षा जास्त बाळगता येत नाहीत. अभ्यास वा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत चालतात. २०१७ च्या कायद्याने त्यापुढे दंड आहे.

ठेवलेली नोट दुमडू नये, तिच्यावर लिहू नये, चिकटपट्टी लावू नये. मेळघाटच्या पावसात ओल आणि वाळवी दोन्ही छळतात. म्हणून कोऱ्या कागदांच्या वहीत सपाट ठेवून ती वही पत्र्याच्या डब्यात घालावी आणि पावसाळा सरला की एकदा उघडून पाहावी.