स्वतःस लावलेली शिस्त

रथसप्तमीच्या दिवशीं आमच्या घरांतून मोठा उत्साह असतो. पहाटे थोरल्या काकांच्या हांकेसरशी सारीं मुलें उठतात, अंगणांत ओळीनें उभीं राहतात, बारा सूर्यनमस्कार घालतात आणि उद्यांपासून रोज एकेक वाढवावयाचा असा निश्चय करतात. हा निश्चय होळीपर्यंत किती जणांचा टिकतो, तें कोणत्याहि घरच्या माउलीस विचारावें! काका चार दिवस परगांवीं गेले कीं अंगण रिकामें. आमच्या मालेगांवांत तर सबबींस तोटा नाहीं. गांवांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. तेव्हां रात्रीं झोंप लागली नाहीं, म्हणून पहाटे जाग आली नाहीं, असें सांगणें सोपें असतें. परंतु खरें कारण निराळेंच आहे. ती शिस्त मुलांची नव्हतीच. ती काकांची होती, आणि काकांबरोबर तीहि गांवास गेली.

शिस्त दोन प्रकारची असते. एक दुसऱ्यानें लावलेली व दुसरी स्वतः स्वतःस लावून घेतलेली. पहिलीवांचून बाळपणाचें पाऊल पुढें पडत नाहीं, हें खरें. पण पहिलीचें रूपांतर दुसरींत झालें नाहीं तर ती वडीलमाणसांच्या डोळ्यांपुरतीच राहते. हा फरक क्रीडांगणावर जितका स्पष्ट दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसतो. त्यासाठीं फार दूर जाण्याचें कारण नाहीं. आमच्या शेजारच्या चांदवड तालुक्यांतच त्याचें उदाहरण आहे.

तळेगांव रोही हें त्या तालुक्यांतील पाण्याच्या दुष्काळानें गांजलेलें गांव. तेथें दत्तू बबन भोकनळ यांचा जन्म १९९१ सालीं झाला. वडील विहिरी खोदण्याचें काम करीत, आणि मुलगाहि शाळेच्या वयापासून त्यांच्या हाताखालीं खडक फोडूं लागला. २०११ सालीं वडील निवर्तले व घराचा भार तरुण खांद्यांवर आला. दुसऱ्या वर्षीं दत्तू सैन्यांत भरती झाले. पुण्यास सैन्याच्या नौकानयन केंद्रांत कुदरत अली या प्रशिक्षकांनीं त्यांच्या हातीं वल्हीं दिलीं. ज्या गांवीं पाण्याच्या थेंबासाठीं कातळ खणावा लागतो, तेथील मुलगा पाण्यावर नांव कमावील, असें कोणी आधीं सांगितलें असतें तर ऐकणारास हसूं आलें असतें.

वाचकांपैकीं पुष्कळांनीं ही शर्यत पाहिली नसेल, म्हणून तिचें स्वरूप सांगतों. अरुंद, हलकी नाव. तींत एकटा नावाडी, दोन्ही हातांत एकेक वल्हें, आणि अंतर दोन हजार मीटर. यांतील मौज अशी कीं, नावाडी आपल्या ध्येयाकडे पाठ करून बसतो. पोहोंचावयाचें तें स्थान त्याच्या मागें असतें. डोळ्यांना दिसतें तें केवळ मागें टाकलेलें पाणी. जो पुढें असतो त्यास सारे प्रतिस्पर्धी समोर दिसतात. जो मागें पडतो त्यास मात्र, मान वळविल्यावांचून, कोणीच दिसत नाहीं. त्याच्यापुढें मोकळें पाणी असतें, आणि हात चालवावयाचे कीं नाहीं, हें ठरविणारा तो एकटाच असतो.

२०१६ सालीं दक्षिण कोरियांतील चुंगजू येथें झालेल्या शर्यतींतून भोकनळ रिओ येथील ऑलिंपिकसाठीं पात्र ठरले. त्याच वर्षीं त्यांच्या आईस गंभीर अपघात झाला व तिच्या स्मृतीवरहि परिणाम झाला. अशा मनःस्थितींत ते रिओस गेले. त्या ऑलिंपिकांत नौकानयनाला भारतातर्फें ते एकटेच होते. उपांत्यपूर्व फेरींत त्यांचा चौथा क्रमांक आला. पहिले तिघेच पदकाच्या मार्गानें पुढें जाणार असल्यामुळें पदकाचें दार तेथेंच बंद झालें. यानंतरच्या शर्यती केवळ पुढील क्रमांक ठरविण्यासाठीं होत्या. वर्तमानपत्रांच्या ठळक मथळ्यांस त्यांचें अगत्य नव्हतें. मन खचलेल्या माणसानें हात सैल सोडले असते तरी कोणी फारसा दोष दिला नसता. भोकनळांनीं ‘क’ गटाची अंतिम शर्यत जिंकली व एकंदरींत तेरावा क्रमांक मिळविला. पदकाची आशा संपल्यावर मारलेलें प्रत्येक वल्हें स्वतःस लावलेल्या शिस्तीचें होतें, असें आम्हांस वाटतें.

पुढें २०१८ सालीं आशियाई क्रीडास्पर्धेंत पालेम्बांग येथें त्यांची वेगळी कसोटी लागली. एकट्याच्या अंतिम शर्यतींत ते सर्वांत मागें राहिले. प्रकृति बिघडली होती, असें त्यांनीं सांगितलें. लगेच दुसऱ्या दिवशीं, २४ ऑगस्ट रोजीं, चौघांची शर्यत होती. स्वर्णसिंग, ओमप्रकाश व सुखमीतसिंग यांच्यासह ते तींत उतरले आणि त्या चौघांनीं ६ मिनिटें १७.१३ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलें. चौघांच्या नावेंत आठ वल्हीं एकाच क्षणीं पाण्यांत पडावीं लागतात. एकाचा ताल चुकला कीं चौघांची गति मंदावते. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आमच्या वाचकांस हें निराळें समजावून सांगावयास नको. एकाच्या ढिलाईचा भार घरांत सर्वांस कसा वाहावा लागतो, हें आपण नित्य पाहतों.

या कथेची दुसरी बाजूहि सांगणें आमचें कर्तव्य आहे. पालेम्बांगची एकट्याची शर्यत पूर्ण केली नाहीं, असा ठपका ठेवून नौकानयन महासंघानें २०१९ सालीं त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. २०२० सालीं ती उठविण्यांत आली, आणि त्याच वर्षीं त्यांस अर्जुन पुरस्कारहि मिळाला. त्या वादाचा निवाडा आम्ही करीत नाहीं. इतकेंच म्हणतों कीं, सुवर्णपदक गळ्यांत असतांनाहि आदल्या दिवसाचा जाब द्यावा लागतो. शिस्त ही एकदां मिळविली म्हणजे पेटींत ठेवावयाची वस्तु नव्हे. ती रोज नव्यानें सिद्ध करावी लागते.

शिस्तीनें यश हमखास मिळतें, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. तेरावा क्रमांक हें पदक नव्हे. परीक्षेंत, नोकरींत, संसारांतहि पुष्कळदां प्रामाणिक कष्टांच्या वाट्यास तेरावा क्रमांकच येतो. पण ज्यानें त्या दिवशींहि हात सैल सोडला नाहीं, तोच पुढच्या शर्यतीस लायक राहतो.

तेव्हां वडीलधाऱ्या मंडळींस आमची एक नम्र सूचना आहे. मुलांस पहाटे हांक अवश्य मारावी. पण ती कधीं थांबवावयाची, हेंहि मनाशीं ठरवून ठेवावें. नमस्कारांची संख्या मुलानें स्वतः वहींत लिहावी, आणि ती वही कोणी तपासूं नये. एखाद्या दिवशीं त्यानें खोटा आंकडा लिहिला, तर तो त्याचा त्यास बोचेल. तें बोचणें काकांच्या छडीहून अधिक काम करील. चुकलेल्या दिवसाबद्दल टोचून बोलूं नये, परंतु दुसऱ्या दिवशीं तो उठला तर मात्र तें पाहिल्यावांचून राहूं नये.

येत्या रथसप्तमीस अंगणांत किती मुलें जमतात, याचें आम्हांस फारसें महत्त्व वाटत नाहीं. काका परगांवीं गेल्यावर, आणि आदल्या दिवशीं नेम चुकला असतांहि, जो एक मुलगा किंवा मुलगी अंधारांत आपण होऊन उठेल, त्या घरानें खुशाल समाधान मानावें.