रोजच्या कामाची छोटी झूम लेन्स कशी निवडावी?

(माढा येथे छायाचित्रणावर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय अगदी नेमका आहे. मिररलेस कॅमेरा घेतलाय किंवा घ्यायचं ठरवलंय, आणि त्याच्यावर रोज बसणारी एक झूम लेन्स निवडायची आहे. लहान, हलकी, परवडणारी. ती कशी निवडायची?

इथं लग्नाच्या ऑर्डरी घेणारे आहेत, शेतीचे व्हिडिओ करणारे आहेत, शिक्षक आहेत. बहुतेकांचा हा पहिलाच मोठा खर्च. उसाचं बिल नाहीतर डाळिंबाची पट्टी हातात आली की त्यातून बाजूला काढलेले पैसे. ते एकदा गेले की दुसरी लेन्स दोन-तीन वर्षं येत नाही. म्हणून कुठली लेन्स 'भारी' हे मी सांगणार नाही. तुमचं काम काय आणि त्या कामाला काय लागतं, एवढंच बघू.

स्टँडर्ड झूम म्हणजे काय?

लेन्सवर २४-७०, १६-५० असे आकडे असतात. ते फोकल लेंथचे, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, आकडा मोठा तेवढी वस्तू जवळ. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर साधारण २४ ते ७० हा जो टप्पा, त्याला स्टँडर्ड झूम म्हणतात. खोलीतला कार्यक्रम, चारजणांचा ग्रुप, एकट्याचा चेहरा, सगळं त्यात बसतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा कॅमेरा एपीएस-सी असणार. त्याचा सेन्सर लहान. सोनी, निकॉन, फुजीला आकडा दीडपट धरायचा, कॅननला १.६ पट. म्हणजे १६-५० ची लेन्स २४-७५ सारखं दृश्य देते. कॅननची १८-४५ मात्र साधारण २९-७२ होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

लेन्स एवढी लहान झाली कशी?

फोटोच्या कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स १९५९ साली आली, व्होइग्टलेंडरची झूमार, ३६-८२. चांगली जाडजूड होती. आज सोनीची १६-५० बंद असताना जेमतेम ३ सेंटिमीटर लांब आणि वजनाला ११६ ग्रॅम. हे कसं जमलं?

पहिलं कारण, आरसा गेला. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा ठेवावी लागायची. निकॉनच्या जुन्या माऊंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर होतं, नव्या झेड माऊंटमध्ये १६. कॅननचं ४४ वरून २० वर आलं. मागची काच सेन्सरच्या जवळ नेता आली की रुंद दृश्याची लेन्स लहान करता येते.

दुसरं, नळी आत मिटते. सोनीच्या १६-५० मध्ये हे मोटार करते. निकॉनची १६-५० किंवा कॅननची १८-४५ हातानं फिरवून उघडावी लागते.

तिसरं, काचेचं थोडं काम सॉफ्टवेअर करतं. रुंद टोकाला सरळ रेषा वाकतात, कोपरे काळवंडतात, ते कॅमेरा आपोआप सरळ करतो. आपल्या गावातल्या रावरंभा निंबाळकरांच्या किल्ल्याची भिंत अशा लेन्सनं काढली आणि रॉ फाइलमधली ही दुरुस्ती बंद करून पाहिली, तर भिंत पोट काढून उभी दिसेल. दुरुस्तीनंतर भिंत सरळ होते, पण कोपरे ताणले जाऊन थोडे मऊ पडतात. मोबाइलवर ते कळणार नाही. मोठ्या फ्लेक्सवर कळेल.

आणि चौथं कारण सगळ्यात महत्त्वाचं. उजेड कमी आत घ्यायचा.

उजेडाचा हिशेब

इथं जरा थांबू, कारण पैसे वाया जातात ते इथंच.

एफ २.८, एफ ५.६ हे आकडे म्हणजे भागाकार आहे. फोकल लेंथला या आकड्यानं भागलं की उजेडाच्या भोकाची रुंदी मिळते. ५० मिलिमीटर भागिले २.८ म्हणजे साधारण १८ मिलिमीटर. ५० भागिले ५.६ म्हणजे ९. रुंदी निम्मी झाली की क्षेत्रफळ पाव होतं. म्हणजे एफ ५.६ ला एफ २.८ च्या पाव उजेड.

आता हे माढ्यात आणू. आपल्या विठ्ठल मंदिराची चर्चा महाराष्ट्रभर झाली ती डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संशोधनामुळं. मूळ विठ्ठलमूर्ती माढ्यातली, अशी मांडणी त्यांनी केली. अशा जुन्या मंदिरात, देवस्थानाची परवानगी घेऊन, भजनाचा फोटो काढायचाय. फ्लॅश मारायचा नाही, भजनात तो बरा दिसत नाही. समजा ५० मिलिमीटरला एफ ५.६ वर आयएसओ ६४०० ठेवून शटर मिळालं १/३०. टाळ वाजवणारे हात पुसट येणार, हे नक्की. त्याच जागी एफ २.८ असेल तर त्याच आयएसओला शटर १/१२५ मिळतं. हात जवळजवळ स्थिर, चेहरा स्वच्छ.

कुणी म्हणेल, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे ना? आहे. पण ते तुमच्या हाताचा कंप थांबवतं, समोरच्याचा हात थांबवत नाही. मूर्तीला त्याचा उपयोग, माणसाला नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आजचं येणं वसूल झालं.

छोटी लेन्स असली तरी एक उपाय आहे. एफ ३.५-५.६ लिहिलेल्या लेन्समध्ये ३.५ हा रुंद टोकाचा आकडा. ३.५ ला ५.६ च्या अडीचपट उजेड मिळतो. म्हणून अंधारात झूम करू नका, १६ वर ठेवा आणि दोन पावलं पुढं जा. फक्त चेहरा फ्रेमच्या कडेला नेऊ नका, तो ताणला जातो.

२४ की २८?

फुल-फ्रेममध्ये छोट्या झूम बऱ्याच आहेत. सोनीची २८-६० फक्त १६७ ग्रॅम, निकॉनची २४-५० साधारण १९५, कॅननची २४-५० साधारण २१०, पॅनासॉनिकची २०-६० साडेतीनशे ग्रॅम. सुरुवातीचा आकडा बघा.

भिंतीपासून ५ मीटरवर उभे आहात. २८ मिलिमीटरमध्ये जेमतेम साडेसहा मीटर भिंत मावते, २४ मध्ये साडेसात, २० मध्ये नऊ. लग्नाच्या घरात हळदीच्या वेळी पाठ भिंतीला टेकते, मागं सरायला जागा नसते. तिथं तो एक मीटर म्हणजे कडेला उभी असलेली आत्या फोटोत येणार की कापली जाणार, एवढा फरक. लांबच्या टोकाला कमी पडलं तर फोटो थोडा क्रॉप करता येतो. रुंदीला कमी पडलं तर काही करता येत नाही.

वारी, धूळ आणि कंप

एकनाथ महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या तालुक्यातून, अरणहून जाते. सावता महाराजांचं अरण. पालखीबरोबर दिवसभर चालायचं तर ७०० ग्रॅमची लेन्स आणि ११६ ग्रॅमची लेन्स यातला फरक संध्याकाळी मान सांगते. शिवाय मोठी लेन्स समोर आली की माणसं अवघडतात, लहान असली की आपल्याच नादात राहतात.

पण धुळीचा विचार हवा. मिटणारी नळी आतबाहेर होताना हवा आणि तिच्याबरोबर धूळ ओढते. स्वस्त छोट्या लेन्सना धूळपाण्यापासून संरक्षण बहुतेक नसतं. साधा फिल्टर लावा, वर रुमाल नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी ठेवा, आणि रस्त्यात लेन्स बदलू नका.

कंपाचं सांगतो. सोनी झेडव्ही-ई१०, निकॉन झेड५०, कॅनन आर५० या बॉडींमध्ये सेन्सरचं स्टॅबिलायझेशन नाही. तिथं ते लेन्समध्ये असलेलं बरं, विशेषतः हातात धरून व्हिडिओ करणाऱ्यांना.

मग घ्यायचं काय?

दिवसा काम, शेत, प्रवास, व्हिडिओ: कॅमेऱ्याबरोबर किटमध्ये येणारी छोटी झूम पुरे. किटमध्ये ती वेगळी घेण्यापेक्षा स्वस्तही पडते.

संध्याकाळचे कार्यक्रम, लग्नं, त्यावर पैसे कमवायचेत: सिग्माची १८-५० एफ २.८ बघा. साधारण २९० ग्रॅम, एपीएस-सीसाठी. झूम केलं तरी एफ २.८ तसाच राहतो. पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. टॅमरॉनच्या १७-७० एफ २.८ मध्ये ते आहे, पण वजन ५२५ ग्रॅम. कुठंतरी देवाणघेवाण करावीच लागते.

तिसरा मार्ग माझ्या आवडीचा. किटची छोटी झूम ठेवायची आणि पुढं एक छोटी प्राइम जोडायची. कॅननची ५० एफ १.८ फक्त १६० ग्रॅम. एफ ५.६ च्या तुलनेत उजेड जवळजवळ दहापट. दोन्ही मिळूनही पिशवी हलकीच राहते.

आणि खरेदीच्या आधी एक घरचा अभ्यास करा. आजवरच्या चांगल्या शंभर फोटोंची माहिती कॉम्प्युटरवर उघडा आणि फोकल लेंथ, आयएसओ वहीत लिहा. मोबाइलचे असले तरी चालतील. निम्मे फोटो आयएसओ ३२०० च्या वर असतील तर तुम्हाला उजेड हवाय. सगळे उन्हातले असतील तर एफ २.८ साठी कर्ज काढू नका.

प्रश्नोत्तरे

*दुकानात लेन्स कशी तपासायची?*
भिंतीवर वर्तमानपत्राचं पान सपाट लावा, समोर सरळ उभं राहून रुंद आणि लांब दोन्ही टोकांना फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून बघा. चारही थोडे मऊ असतील तर लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा पुसट असेल तर आधी पुन्हा सरळ उभं राहून काढा, तरी तसंच आलं तर काच तिरकी बसलीय, ती लेन्स घेऊ नका. पक्कं बिल आणि वॉरंटी घ्याच.

*सेकंडहँड घ्यावी का?*
घ्यावी, पण टॉर्च घेऊन जा. मागून उजेड टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपली हवा कोरडी आहे, पण लेन्स कोकणातून किंवा मुंबईहून आलेली असू शकते. धुळीचे दोन-चार कण चालतात. मिटणारी नळी दहा वेळा उघडझाप करा. अडखळली तर सोडून द्या.

*मोटारवाली झूम चांगली की हातानं फिरवायची?*
व्हिडिओला मोटार, झूम एकसारखा होतो. फोटोला हात बरा. सोनीच्या १६-५० ला कॅमेरा बंद करून चालू केला की झूम पुन्हा १६ वर येतो. नवरदेव पारावरून उठला, तेवढ्यात तो वेळ जातो.

*उजनीचे फ्लेमिंगो या लेन्सनं येतील का?*
पाणी येईल, आकाश येईल, फ्लेमिंगो ठिपक्याएवढे येतील. पक्ष्यांना किमान ४०० मिलिमीटर लागतं. तो विषय पुढच्या वेळी घेऊ.