एका पावलातली आकडी

मनोविकारावर आज नीट दिल्या जाणाऱ्या विजेच्या शॉकमध्ये आकडी डोळ्यांना दिसते ती फक्त एका पावलात. रुग्णाला भूल चढली की घोट्याच्या वर रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळतात आणि त्यात इतकी हवा भरतात की पलीकडचा रक्तप्रवाह बंद व्हावा. मग शिरेतून स्नायू सैल करणारे स्कोलीन जाते. अंगभर स्नायू फडफडतात आणि पाठोपाठ सैल पडतात. पट्ट्याखालचे पाऊल तेवढे त्यातून सुटते, कारण तिथवर औषध पोहोचतच नाही. दातांत रबरी गॅग असतो, कारण जबड्याचे स्नायू थेट विजेनेच आवळले जातात, तिथे स्कोलीनचा इलाज चालत नाही. भूलतज्ज्ञ ॲम्बू बॅगने प्राणवायू देत असतो. बटण दाबले की जबडा घट्ट मिटतो, आणि मग त्या एका पावलाची बोटे ताणली जातात, ठेक्यात हलू लागतात, ठेका मंदावतो आणि थांबतो. वीस सेकंद, चाळीस सेकंद, क्वचित मिनिटभर. बाकीचा देह निवांत पडलेला असतो. मेंदूतली आकडी ईईजीच्या कागदावर आणखी काही सेकंद रेंगाळते. ज्या उपचाराने सिनेमात माणूस पलंगावरून उसळतो आणि त्याला धरायला चौघे लागतात, तो उपचार योग्य रीतीने दिल्यावर एवढाच दिसतो.

हे पाऊल लक्षात घेतले की ईसीटीचा, म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपीचा, सगळा इतिहास वेगळा वाचता येतो. गुण येतो तो मेंदूतल्या आकडीने. वीज ही आकडी आणण्याची युक्ती, आणि शरीराची तडफड हा त्या आकडीचा निरुपयोगी, घातक भाग. 1938 पासून या उपचारात जी काही खरी प्रगती झाली ती या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवण्यात झाली. म्हणून शॉक चांगला की वाईट, या आपल्याकडच्या नेहमीच्या वादाला माझ्या मते फारसा अर्थ उरत नाही. कोणता शॉक, किती विजेचा, डोक्यावर कुठे लावलेला आणि कोणाच्या संमतीने, हे ठरल्याशिवाय त्या वादातल्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत राहतात.

सुरुवात विजेशिवायच झाली. बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुनाची समजूत होती की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एका मेंदूत सुखाने नांदत नाहीत. तेव्हा एक आणला तर दुसरा हटेल. जानेवारी 1934 मध्ये त्याने तेलात विरघळवलेला कापूर टोचून एका रुग्णाला आकडी आणली. मेडुनाचा सिद्धान्त चुकीचा होता, हे दोन आजार एकाच माणसाला होऊ शकतात. पण वर्षानुवर्षे गप्प पडलेली काही माणसे उठून बोलू लागली, हे निरीक्षण खरे होते. कापराची जागा लवकरच कार्डियाझोलने घेतली. ते टोचल्यापासून आकडी येईपर्यंतच्या काही क्षणांत रुग्णाला मरणाची धास्ती वाटे, आणि एकदा तो अनुभव घेतलेला माणूस पुन्हा सुईजवळ यायला तयार नसे. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी विजेकडे वळले. कुत्र्यांवरच्या त्यांच्या पहिल्या प्रयोगांत एक टोक तोंडात आणि दुसरे गुदद्वारात असे. प्रवाह हृदयातून जाई आणि कुत्री मरत. रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना कापण्याआधी डोक्याला विजेचे चिमटे लावत. डुकरे विजेने मरत नव्हती, आकडी येऊन निपचित होत होती आणि न कापल्यास उठून चालू लागत होती. वाट डोक्यातल्या डोक्यात ठेवली की हृदय वाचते, हा धडा तिथे मिळाला.

एप्रिल 1938 मध्ये रोमच्या रेल्वे स्टेशनवर भरकटलेला, असंबद्ध बोलणारा मिलानचा एक माणूस पोलिसांनी त्यांच्याकडे पाठवला. पहिला झटका अपुरा पडला. पुन्हा द्यायची चर्चा चालली असताना तो माणूस स्पष्ट शब्दांत नको म्हणाला, आणि तरीही त्याला दुसरा झटका दिला गेला. ही हकिकत खुद्द चेर्लेत्तीनेच पुढे लिहून ठेवली आहे. काही आठवड्यांत तो बरा होऊन घरी गेला, नंतर आजार उलटला. या उपचाराचे पुढचे सगळे भाग्य आणि सगळे भोग या एका प्रसंगात आहेत: गुण येतो, तो टिकत नाही, आणि रुग्णाचा नकार कोणी ऐकत नाही. नकार न ऐकण्याची परिणती फार भीषण झाली. ऑस्ट्रियात नाझी अमलाखाली एमिल गेलनी या डॉक्टरने हेच यंत्र बदलून घेऊन रुग्णांना ठार मारले. मॉन्ट्रियलमध्ये इवेन कॅमेरॉनने माणसाचे जुने मन पुसून काढण्याच्या कल्पनेपायी दिवसातून अनेक झटके दिले आणि त्याच्या कामाला सीआयएचा पैसा मिळाला. या गोष्टी यंत्राच्या माथी मारून डॉक्टरांना मोकळे होता येणार नाही, आणि यंत्राच्या बचावासाठी त्या झाकूनही ठेवता येणार नाहीत.

तडफडीचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. आकडीत पाठीचे स्नायू इतक्या जोराने आवळत की छातीच्या भागातले मणके दबून मोडत. कार्डियाझोलच्या काळात एक्स-रे काढून पाहिले तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांत असे दबलेले मणके निघाले. 1940 मध्ये अमेरिकेत एब्रम बेनेटने बाणाला लावायचे विष, क्युरारे, स्नायू सैल करायला वापरले. 1950 नंतर स्वीडनमधून आलेल्या स्कोलीनने ते काम अधिक सुरक्षित केले, कारण त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो. पण जागेपणी सगळे स्नायू लुळे पडणे, श्वासही घेता न येणे, ही यातनाच. म्हणून भूल आली. आता मृत्यूचे प्रमाण लाख शॉकमागे साधारण दोन इतके आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्रेचा प्रश्न, आणि त्याची सामान्य वाचकाला खबरही नसते. जुने यंत्र म्हणजे भिंतीतल्या विजेचा दाब कमी-जास्त करून ठराविक वेळ डोक्याला देणारी पेटी. 50 हर्ट्झच्या विजेची प्रत्येक अर्धी लाट 10 मिलिसेकंद चालते. मज्जापेशीला पेटायला मिलिसेकंदाचा एखाद-दुसरा दशांश पुरतो. बाकीची वीज आकडीला काहीच मदत करत नाही, मेंदूला शीण तेवढा देते. आजची यंत्रे एक मिलिसेकंद, अर्धा, किंवा त्याहूनही आखूड स्पंदने सोडतात. शिवाय प्रत्येकाचा आकडीचा उंबरठा वेगळा: वयाबरोबर तो वाढतो, पुरुषांत बायकांपेक्षा सहसा अधिक असतो, आणि एकाला पुरणारी वीज दुसऱ्याच्या दहापट असू शकते. सर्वांना एकच आकडा लावणे म्हणजे एकाला अकारण होरपळवणे आणि दुसऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवणे. म्हणून पहिल्या बैठकीत अगदी कमी मात्रेपासून पायरीपायरीने चढत उंबरठा शोधतात, आणि प्रत्येक पायरीवर सगळ्यांची नजर असते ती त्या पावलावर.

न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड सॅकाइम आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये नैराश्याच्या रुग्णांत दाखवले की नुसती आकडी येऊनही भागत नाही. डोक्याच्या फक्त उजव्या बाजूला, उंबरठ्याच्या जेमतेम वर मात्रा दिलेल्या रुग्णांना आकडी व्यवस्थित आली, पण सुधारले ते 17 टक्के. दोन्ही कानशिलांना इलेक्ट्रोड लावलेल्यांत तेवढ्याच कमी मात्रेने 65 टक्के सुधारले. 2000 मध्ये त्याच गटाने उजव्या बाजूची मात्रा उंबरठ्याच्या सहापट नेली, तेव्हा तिथेही 65 टक्क्यांना गुण आला, आणि विस्मरण दोन्ही बाजूंच्या शॉकपेक्षा कमी राहिले. शॉकच्या टीकाकारांचा सर्वांत सबळ आक्षेप असा की, भूल देऊन वीज न देता केलेल्या बनावट शॉकशी तुलना करणारे प्रयोग मोजके, जुने आणि कच्चे आहेत. नैराश्यात 1985 नंतर कोणी ते केलेच नाहीत. आक्षेप खरा आहे. 2003 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एकत्रित विश्लेषणात खऱ्या शॉकचा मोठा फायदा दिसला, पण त्यामागे असे सहाच प्रयोग आणि 256 रुग्ण होते. तरी 17 आणि 65 या आकड्यांना टीकाकारांकडे उत्तर नाही. भूल तीच, खोली तीच, डॉक्टरांची आस्था तीच, आकडीसुद्धा आलेली. रुग्णाला आणि त्याला तपासणाऱ्याला कोणता गट हे माहीत नाही. नुसत्या आशेने आणि लक्ष पुरवण्याने बरे वाटत असते, तर दोन्ही गट सारखेच सुधारले असते. कॅटाटोनियात, म्हणजे माणूस लाकडासारखा ताठ, मुका होतो आणि अन्नपाणी सोडतो तेव्हा, लोराझेपामने भागले नाही तर शॉकएवढा भरवशाचा उपाय आजही नाही.

मात्र स्मृतीच्या आक्षेपाला इतके समाधानकारक उत्तर देता येत नाही. लक्ष देणे, नवे शिकणे, शब्द आठवणे हे शेवटच्या शॉकनंतर दोन-तीन आठवड्यांत पूर्वपदावर येते, असे चाचण्या सांगतात, आणि डॉक्टर तेच सांगून थांबतात. रुग्ण जे गमावल्याचे सांगतात ते वेगळे असते: बहिणीचे लग्न, मुलाचा पहिला वाढदिवस, आजारापूर्वीचे काही महिने. रुग्णांच्या साक्षींचा 2003 मध्ये ब्रिटनमध्ये घेतलेला आढावा सांगतो की किमान एकतृतीयांशांनी टिकाऊ विस्मरणाची तक्रार केली. न्यूयॉर्क परिसरातल्या सात रुग्णालयांतल्या पाहणीतही, 2007 मध्ये, दोन्ही बाजूंच्या शॉकनंतर सहा महिन्यांनी गतस्मृतीची तूट दिसली. खोल नैराश्यही स्मृती पोखरते हे खरे. पण प्रत्येक तक्रार आजाराच्या खात्यावर टाकणे हा अन्याय आहे. आयुष्यातल्या प्रसंगांबद्दलची प्रश्नावली शॉकआधी आणि सहा महिन्यांनी भरून घेणे कठीण नाही. ते न करता स्मृतीला काही होत नाही असे सांगणाऱ्या डॉक्टराने मिळवलेली संमती मला पुरी वाटत नाही.

आपल्याकडे या सगळ्या बारकाव्यांच्या आधी एक ढोबळ प्रश्न उभा होता. भूल आणि स्कोलीनशिवाय दिलेली 'डायरेक्ट ईसीटी' एकविसाव्या शतकातही अनेक ठिकाणी चालू होती. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी तिच्याविरुद्ध दीर्घकाळ आवाज उठवला, आणि त्यांचा विरोध फक्त तडफडीपुरता नव्हता, सक्तीला होता. दुसऱ्या बाजूला भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये भूमिका घेतली की, भूलतज्ज्ञच नाही आणि रुग्ण मरणाच्या दारात आहे, अशा अपवादात्मक स्थितीत डायरेक्ट शॉकही समर्थनीय ठरतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कलम 95 खाली तो बंदच केला, आणि अल्पवयीनांसाठी पालकांच्या संमतीबरोबर कायद्याने नेमलेल्या मंडळाची पूर्वपरवानगी सक्तीची केली. माझ्या मते कायद्याने योग्य बाजू घेतली. अपवादाची वाट उघडी ठेवली असती तर भूलतज्ज्ञ नेमायची गरज कुठल्याच रुग्णालयाला वाटली नसती. पण त्याच कायद्याने तातडीच्या उपचारातूनही शॉक वगळला आहे. अन्नपाणी सोडलेल्या, सही करू न शकणाऱ्या माणसासाठी मग नामनिर्देशित प्रतिनिधी आणि दाखल करण्याची लांबची प्रक्रिया उरते. ती वेगाने पार पाडणारी मंडळे प्रत्येक जिल्ह्यात कामाला लागल्याशिवाय ही तरतूद जिथे शॉकचा उपयोग सर्वांत निर्विवाद आहे तिथेच अडवते.

आणि शॉक मिळाला तरी पुढे आजार उलटण्याची अडचण आहे. सॅकाइमच्याच 2001 च्या अभ्यासात, शॉकने बरे झालेल्यांना पुढे फक्त निष्क्रिय गोळी दिली तर सहा महिन्यांत 84 टक्क्यांचा आजार परतला. नॉरट्रिप्टिलीन आणि लिथियम मिळून दिले तेव्हाही 39 टक्क्यांचा. केटामाइनने हा प्रश्न मिटेल अशी आशा अलीकडे आहे. 2023 च्या अमेरिकी प्रयोगात, मनोभ्रम नसलेल्या आणि बहुतेक घरून येणाऱ्या रुग्णांत, केटामाइन शॉकपेक्षा उणे ठरले नाही. पण 2021 मध्ये स्वीडनमध्ये वॉर्डात दाखल असलेल्या, अधिक आजारी रुग्णांत शॉकने 63 टक्के आणि केटामाइनने 46 टक्के लोक आजारमुक्त झाले. म्हणजे ज्यांचा आजार सर्वांत खोल, त्यांना शॉकच लागणार, आणि त्यांतल्या कित्येकांना गोळ्यांबरोबर महिन्यातून एकदा देखभालीचा शॉकही. त्यासाठी रुग्णाने रात्रीपासून उपाशी राहायचे, सोबत घरातल्या कोणीतरी दिवसाची मजुरी बुडवायची, भूल उतरेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा घर गाठायचे. राज्याची जुनी सरकारी मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. सिरोंचाहून नागपूर, तळोद्याहून ठाणे, हे अंतर उपाशीपोटी दर महिन्याला कापणे कोणत्या कुटुंबाला जमेल? जिल्हा रुग्णालयांत सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ असतो, स्कोलीन असते, प्राणवायू असतो. आठवड्यातली एक सकाळ आणि स्पंदनांचे एक यंत्र तिथे देता येण्यासारखे आहे, आणि ते मागायला मनोरुग्णांच्या नातेवाइकांचे मोर्चे निघत नाहीत, म्हणूनच ते अजून मिळालेले नाही.