लहान जेट विमानाची मोटार

बिनतारी आज्ञेनें उडणाऱ्या लहान जेट विमानांत बहुधा खरें जेट नसतें. नळींत बसविलेला पंखा व तो फिरविणारी विजेची मोटार असते. मोटारीस तीन तारा असतात. पंखा उलट फिरूं लागल्यास मोटार बिघडली असें समजूं नये. ब्याटरी सोडवून कोणत्याहि दोन तारांची अदलाबदल करावी. न फिरतां ती नुसती थरथरूं लागली, तर प्रथम तारांचे सांधे तपासावे.

मोटारीवरील ‘३००० केव्ही’ हे हजारों व्होल्ट नव्हेत. पंखा जोडला नसतांना दर व्होल्टामागें मिनिटाला होणारे ते फेरे होत. म्हणजे ११.१ व्होल्टांवर ३३,३०० फेरे! तरीहि विद्यार्थ्यांस १४.८ व्होल्टांच्या ब्याटरीचा मोह पडतोच. परंतु पंख्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग सव्वापट, तर शक्ति जवळजवळ दुप्पट. मधला वेगनियंत्रक तेवढा प्रवाह सोसणारा नसल्यास जळतो. आणि आज्ञा घेणाऱ्या यंत्रालाहि पुष्कळदां तोच वीज पुरवीत असल्यामुळें विमान आपल्या हातीं राहत नाहीं. यास्तव उड्डाणापूर्वीं विमान घट्ट बांधून, पंख्याच्या बाजूस उभें न राहतां, पूर्ण वेगावरील प्रवाह वॅटमीटरनें मोजावा. पालकांनीं मोठ्या ब्याटरीपूर्वीं हें मीटर घेऊन द्यावें, असें आम्हांस वाटतें.