सरावातील गुण आणि सामन्यातील गुण : तरुण पिस्तूल-नेमबाजाच्या प्रगतीचा एक प्रश्न

सरावात ५८० गुणांपर्यंत सहज जाणारा तरुण नेमबाज सामन्यात ५७० च्या आसपास का घुटमळतो, हा प्रश्न नेमबाजी शिकविणाऱ्यांना नवा नाही. त्याचे उत्तरही बहुधा एकाच शब्दात दिले जाते : दडपण. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते उत्तर असण्यापेक्षा प्रश्नाचेच दुसरे नाव अधिक आहे. दडपणाने नेमके काय बिघडते, दिसणारी घट खरोखरच दडपणाची की केवळ योगायोगाची, आणि जे बिघडते ते सरावाने सुधारता येते काय, असे तीन निरनिराळे प्रश्न त्या एका शब्दाखाली झाकले जातात. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार प्रामुख्याने दहा मीटर एअर पिस्तूल ह्या प्रकाराच्या अनुषंगाने करावयाचा आहे. उदाहरणासाठी कुमारी मनू भाकर ह्यांचे २०१८ ते २०२४ ह्या काळातील काही सामने घेतले आहेत. हरियाणातील ही नेमबाज सोळाव्या वर्षीच जागतिक स्पर्धांत उतरली, आणि तिचे यश व अपयश दोन्ही सर्वांसमक्ष व गुणांच्या नोंदीसह घडले, एवढेच ह्या निवडीचे कारण.

प्रथम खेळाचे यांत्रिक स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कारण मनोव्यापारांची चर्चा त्यावाचून अधांतरी राहते. नेमबाज उभा राहून, एका हाताने आणि कोणत्याही आधारावाचून पिस्तूल धरतो. पिस्तुलाचे वजन दीड किलोग्रॅमहून अधिक असता कामा नये, आणि त्याचा चाप निदान ५०० ग्रॅम भार पेलणारा असावा, असा नियम आहे. लक्ष्यावरील दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो व त्याबाहेरचे प्रत्येक वर्तुळ व्यासाने १६ मिलिमीटर मोठे असते. छर्‍याचा व्यास ४.५ मिलिमीटर असून त्याची कड वर्तुळरेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजेच छर्‍याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून सुमारे आठ मिलिमीटरांच्या आत पडला तर दहा गुण. पात्रता फेरीत असे ६० बार ७५ मिनिटांत काढावयाचे असतात.

आता येथे दोन प्रकारचे दोष संभवतात आणि ते समान नाहीत. हात सबंध पिस्तुलासह तीन मिलिमीटर वर सरकला तर छर्राही तीनच मिलिमीटर वर लागतो. तो दहाच्या आतच राहतो. परंतु पिस्तूल मनगटात किंचित वळले आणि पुढची माशी मागच्या खाचेच्या मध्यातून सरकली, तर गणित पालटते. माशी आणि खाच ह्यांमधील अंतर तीस सेंटिमीटर धरल्यास, माशी पाव मिलिमीटरने बाजूला गेली की दहा मीटरवर छर्रा आठ मिलिमीटरांहून अधिक ढळतो. पाव मिलिमीटर म्हणजे जाड कागदाच्या एका पानाची जाडी. म्हणूनच अनुभवी शिक्षक दृष्टी माशीवर ठेवावयास सांगतात आणि लक्ष्य धूसर दिसले तरी चालेल असे म्हणतात. नवशिक्याला हे पटत नाही. ज्याला मारावयाचे ते स्पष्ट दिसावे, ही त्याची स्वाभाविक इच्छा असते.

तीच गोष्ट हाताच्या कंपाची. ताणून धरलेल्या हातात सेकंदाला आठ ते बारा वेळा होणारा सूक्ष्म कंप प्रत्येक निरोगी मनुष्यात असतो. त्यात श्वासाची व नाडीची भर पडते. हात पूर्ण स्थिर होणे ही गोष्ट शरीरास शक्य नाही. कसलेला नेमबाज ती अपेक्षाच सोडतो. तो एका बिंदूवर नेम न धरता एका लहान क्षेत्रावर धरतो, त्या क्षेत्रात माशी हलत असताना चापावरील दाब सावकाश वाढवीत नेतो, आणि बार त्याच्या अंदाजे इच्छेने परंतु नेमक्या क्षणाची निवड न करता सुटतो. नवशिका मात्र माशी मध्यावर येण्याची वाट पाहतो आणि ती आली की चाप झटक्याने ओढतो. तो झटकाच पिस्तुलाला मनगटात वळवितो. कंपाने जे तीन-चार मिलिमीटर गेले असते, त्याऐवजी ह्या घाईने पंधरा-वीस जातात. सात आणि आठ गुणांचे बार बहुधा कंपाचे नसून झटक्याचे असतात.

दडपणाचा परिणाम नेमका येथे होतो, असे माझे मत आहे. सामन्यात प्रत्येक बाराचे मोल वाढते. मोल वाढले की तो बार आपल्या हाती ठेवण्याची ओढ वाढते. आणि हाती ठेवणे म्हणजे क्षण निवडणे, म्हणजेच झटका. मानसशास्त्रात ह्या घटनेची दोन प्रकारची स्पष्टीकरणे प्रचलित आहेत. एक लक्ष विचलित होण्याचे : चिंता मनाचा काही भाग व्यापते व कामास उरलेला अपुरा पडतो. दुसरे बॉमाइस्टर ह्यांनी १९८४ मध्ये व मास्टर्स ह्यांनी १९९२ मध्ये निरनिराळ्या प्रयोगांतून मांडले. त्यांच्या मते, सवयीने अंगवळणी पडलेली क्रिया दडपणाखाली पुन्हा जाणीवपूर्वक चालविण्याचा प्रयत्न होतो आणि त्यामुळेच ती बिघडते. मास्टर्स ह्यांच्या गोल्फच्या प्रयोगात, ज्यांना नियम सांगून शिकविले गेले त्यांची कामगिरी ताणाखाली पुढे सरकेनाशी झाली. ज्यांना नियम कळू न देता शिकविले गेले त्यांची तशी अडली नाही. पिस्तुलाच्या बाबतीत दुसरे स्पष्टीकरण अधिक लागू पडते असे वाटते. क्षण निवडण्याची ओढ ही लक्ष नसल्याची खूण नव्हे. ती अस्थानी लक्ष असल्याची खूण आहे.

शरीराचाही भाग आहेच. नाडीची गती व कंप कमी करणारी बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे नेमबाजीत सर्वकाळ निषिद्ध आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पिस्तूल-प्रकारातील एका पदकविजेत्याची दोन पदके ह्याच कारणाने परत घेण्यात आली. कुशल नेमबाज हृदयाच्या शिथिल अवस्थेत बार सोडतात असे फिनलंडमधील संशोधकांनी १९८७ मध्ये दाखविले. तथापि तरुण राइफल-नेमबाजांवरील नंतरच्या संशोधनात हा संबंध तितका स्वच्छ आढळला नाही. विद्यार्थ्यांनी हा मुद्दा पाठ्यपुस्तकातून जसाच्या तसा उचलू नये, एवढ्यासाठी हा उल्लेख.

आता दुसरा प्रश्न : दिसणारी घट खरी कितपत? २५ जुलै २०२१ रोजी टोकियो येथे भाकर ह्यांना पात्रता फेरीत ५७५ गुण मिळाले व त्यांचे स्थान बारावे आले. अंतिम फेरीचा उंबरठा ५७७ होता. मध्यंतरी पिस्तूल नादुरुस्त झाल्याने उरलेले ४४ बार त्यांना चाळीस मिनिटांहून कमी वेळात काढावे लागले. एरवी एका बारास सव्वा मिनिट वाट्यास येते, येथे एक मिनिटही आले नाही. ह्या दोन गुणांवरून त्या काळात पुष्कळ लिहिले गेले. तरुण मुलीच्या मनोधैर्यापासून संघातील मतभेदांपर्यंत सर्व कारणांचा ऊहापोह झाला. परंतु एक साधे गणित कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. समजा, एखादा नेमबाज शंभर बारांत सरासरी ६२ वेळा दहा, ३४ वेळा नऊ आणि ४ वेळा आठ गुण घेतो. त्याची साठ बारांची सरासरी सुमारे ५७५ येते. प्रत्येक बार दुसऱ्याहून स्वतंत्र मानल्यास ह्या बेरजेचे प्रमाण-विचलन सुमारे ४.४ गुण निघते. अर्थात तोच नेमबाज, कौशल्यात काडीचाही फरक न पडता, तीनांपैकी एका सामन्यात ५७७ वा अधिक गुण घेईल, आणि काही सामन्यांत ५७० च्याही खाली जाईल. प्रत्यक्षात बार पूर्णतः स्वतंत्र नसतात, म्हणून विचलन कदाचित अधिकच असेल. दोन गुणांचा उंबरठा हा निवडीसाठी आवश्यक आहे. निदानासाठी तो निरुपयोगी आहे.

ह्याचा व्यावहारिक परिणाम गंभीर होतो. एका वाईट सामन्यानंतर तरुण नेमबाज पकड बदलतो, पुढच्या वाईट सामन्यानंतर पिस्तूल बदलतो, त्यापुढे शिक्षक. मध्ये एखादा चांगला सामना झाला की जो बदल त्याच्या अगोदर केला असेल त्याला श्रेय मिळते. ह्या रीतीने दोन-तीन वर्षे निघून जातात, आणि ती वर्षे सोळा ते एकोणीस ह्या वयातील असतात.

पात्रता आणि अंतिम फेरी ह्यांतील अंतर मात्र योगायोगापलीकडचे असू शकते, कारण त्या दोन निराळ्या परीक्षाच आहेत. येथे क्षणभर पंचवीस मीटर पिस्तूल ह्या प्रकाराकडे वळावे लागेल. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भाकर ह्यांनी पात्रता फेरीत ५९३ गुणांचा स्पर्धा-विक्रम केला आणि अंतिम फेरीत त्या सहाव्या आल्या. त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत ५८० गुणांनी सातव्या क्रमांकाने अंतिम फेरीत शिरल्या आणि सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते, बार १०.२ वा अधिक मोलाचा असला तरच तो गणला जातो, एरवी शून्य. आणि स्पर्धक एकेक करून बाद होतात. सरनोबत व थायलंडची स्पर्धक ह्या दोघी ३४ वर बरोबरीत आल्या. पहिल्या निर्णायक मालिकेतही बरोबरी झाली व दुसरीत निकाल लागला. सरनोबत त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या होत्या, त्यांनी २०१३ मध्येच जागतिक चषकाचे सुवर्ण घेतले होते, आणि कोपराच्या दुखापतीनंतर त्या परतल्या होत्या. अनुभव कामी आला असे म्हणण्याचा मोह होतो. एका सामन्यावरून तसे म्हणता येत नाही, हे वर सांगितलेच. तथापि एका परीक्षेची तयारी दुसरीस आपोआप पुरत नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

मग सराव कसा असावा? छर्रा न भरता केलेला सराव, ज्याला नेमबाज 'ड्राय' म्हणतात, चापाची सवय लावण्यास उत्तम आहे; कारण त्यात गुणच नसल्याने क्षण निवडण्याची ओढ उरत नाही. पण ज्या ओढीशी सामन्यात झगडावयाचे, तीच ह्या सरावात अनुपस्थित असते. नेदरलँड्समधील औडेयान्स ह्यांनी २००८ मध्ये पोलिसांवर केलेला एक छोटा प्रयोग ह्या संदर्भात महत्त्वाचा आहे. एका गटाने पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवर सराव केला. दुसऱ्याने, रंगीत साबणाच्या गोळ्या उलट झाडू शकणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांवर. पुढे दडपणाखाली चाचणी घेतली असता पहिल्या गटाची अचूकता घटली, दुसऱ्याची टिकून राहिली. नेमबाजीच्या सामन्यात उलट कोणी गोळी झाडत नाही, हे खरे. परंतु सरावात काहीतरी गमाविण्याजोगे असले पाहिजे, हे तत्त्व तेच. भाकर २०२३ पासून पुन्हा जसपाल राणा ह्यांच्या मार्गदर्शनाखाली आल्या. त्यांच्या सरावात ठरविलेल्या गुणांपेक्षा जितके कमी पडतील त्या मानाने दंड द्यावा लागे व तो दानात जाई, असे वृत्तपत्रांतून आले आहे. युक्ती साधी आहे. तिची मात्रा किती असावी, हे अद्याप कोणी मोजलेले दिसत नाही.

ह्याहून मोलाची, आणि शिकविण्यास कठीण अशी गोष्ट म्हणजे नेम सोडून देणे. दाब वाढविता वाढविता मन अडखळले, तर हात खाली घेऊन पुन्हा आरंभ करण्यास नियमाची आडकाठी नाही. आडकाठी असते ती अहंकाराची व घड्याळाची. सरावात असे सोडलेले नेम कोणी नोंदवीत नाही, कारण लक्ष्यावर त्यांची खूण उमटत नाही. माझ्या मते तीच नोंद सर्वांत बोलकी ठरेल. तिच्या जोडीला, बार सुटताक्षणी तो कोठे लागला असावा हे पडद्याकडे न पाहता सांगण्याची रीत ठेवावी. जो नेमबाज आपला आठ गुणांचा बार आधीच ओळखतो, त्याचा दोष सुधारण्याजोगा आहे. ज्याला तो पडद्यावर पाहून आश्चर्य वाटते, त्याची दृष्टी माशीवर नव्हती.

२७ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये भाकर ह्यांनी ५८० गुणांनी तिसरे स्थान घेऊन अंतिम फेरी गाठली व दुसऱ्या दिवशी २२१.७ गुणांवर कांस्यपदक मिळविले. बावीस बारांनंतर दुसऱ्या स्थानापासून त्या ०.१ गुणाने दूर होत्या. दोनच दिवसांनी मिश्र सांघिक प्रकारात सरबज्योत सिंग ह्यांच्यासह दुसरे कांस्य आले. पदकानंतर त्यांनी गीतेचा उल्लेख केला आणि वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. फलाकडे लक्ष देऊ नये, हे प्रयोगशाळेतूनही निघणारे अनुमान आहे. पण 'देऊ नये' ह्या आज्ञेने लक्ष हटत नाही, त्याला माशी आणि चाप असे दुसरे ठिकाण द्यावे लागते. ३ ऑगस्ट रोजी पंचवीस मीटर प्रकारात त्याच नेमबाजाला तिसऱ्या स्थानासाठीच्या निर्णायक मालिकेत हार पत्करावी लागली व चौथे स्थान मिळाले.

ह्या विषयावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक आकडा येथे नोंदवून ठेवतो. वर धरलेले ४.४ गुणांचे विचलन मानल्यास, सराव व सामना ह्यांत सरासरी तीन गुणांचा खरा फरक आहे की नाही हे एका नेमबाजाच्या बाबतीत विश्वासाने सांगण्यासाठी सुमारे चौतीस सामने व तितक्याच पूर्ण सराव-फेऱ्या लागतील. तरुण नेमबाजाला इतके सामने एका वर्षात क्वचितच मिळतात. म्हणून पुण्याच्या बालेवाडीसारख्या एखाद्या ठिकाणी नियमित येणाऱ्या दहा-बारा नेमबाजांच्या नोंदी दोन हंगाम सलग ठेवाव्या लागतील. त्यांत गुणांबरोबर सोडलेले नेम, आगाऊ सांगितलेले बार आणि प्रत्येक बारास लागलेला वेळ असावा. पिस्तूल, पकड अथवा शिक्षक बदलल्यास त्याची तारीख मात्र नोंदविण्यास विसरू नये.