घरमालकांची घरपट्टी

आमच्या जुन्नर-आंबेगावकडची मुले नोकरीसाठी पुण्यात खोली घेऊन राहतात. माझा दादाही राहतो. गेल्या वर्षी घरमालकांनी भाडे वाढवले. कारण विचारले तर म्हणाले, "घरपट्टी वाढली." त्यांची घरपट्टी दादाने का भरावी, या रागाने मी हे प्रकरण समजून घेतले.

पुणे महानगरपालिकेचा कर विभाग घराची किंमत पाहत नाही. ते घर भाड्याने दिले तर वर्षाला किती येतील, याचा अंदाज बांधतो. त्यातून दुरुस्तीपोटी थोडी वजावट केली की उरते ते वार्षिक करयोग्य मूल्य; टक्केवारी त्यावर बसते. मालक स्वतः राहत असेल तर या मूल्यात 40 टक्के सवलत असते. ती 1970 पासून होती, 2019 मध्ये गेली, 2023 मध्ये परत आली. भाडेकरू ठेवला की मात्र ती नाही. म्हणजे 6,000 धरलेले मूल्य 10,000 होते. सवलत 40 टक्क्यांची, पण ती गेल्यावर बिल वाढते जवळजवळ 67 टक्क्यांनी! घरमालक अगदीच खोटे बोलत नव्हते तर.

पालिकेचीही अडचण आहे. नाक्यावरची जकात 2013 मध्ये गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर 2017 मध्ये जीएसटी आल्यावर संपला. त्याची भरपाई आता राज्य सरकारकडून येते. स्वतः आकारून स्वतः वसूल करायचा मोठा कर उरला तो हाच.

दादाला हे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे पुण्याचे रस्ते माझ्याही पैशांतून होतात की!"

पावती मात्र घरमालकांच्या नावाने फाटते.